उसनं तोंड

आमच्या सरांशी भांडणं म्हणजे डोक्याला ताप. तुम्ही तणतणत त्यांच्या दारात जायचं, दोन-चार वाक्यं फेकायची, आणि पुढचं वाक्य सर बोलायचे, तेही तुमच्याच बाजूचं. त्याच्या पुढचंही तेच. तुमचा राग तुमच्यापेक्षा चांगला मांडून झाला की ते थांबायचे, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायचे आणि विचारायचे, "हेच म्हणायचं होतं ना तुम्हाला?" समोरचा म्हणायचा, हो. मग भांडायला उरलं काय? सरांच्या पेरूचा पाला आपल्या अंगणात पडतो म्हणून शेजारचे गृहस्थ एकदा तावातावानं आले होते. थोड्या वेळानं बघते तर सर घरात कुऱ्हाड शोधतायत आणि शेजारी त्यांचा हात धरून विनवतायत, "राहू द्या हो सर, झाड आहे, पाला पडणारच."

दारव्ह्याच्या कॉलेजात ते आम्हाला मराठी शिकवायचे. मूळचे पुसदकडचे. उंच, हडकुळे, पँट कायम घोट्याच्या वर. खिशात खडूचे तुकडे आणि भाजलेले शेंगदाणे एकत्रच असायचे, त्यामुळे सरांनी प्रेमानं दिलेला दाणा आधी फुंकून मग तोंडात टाकावा लागे. वेळापत्रकात मराठी लिहिलेलं असलं तरी त्यांचा सगळा जीव बोलण्यात होता. एका माणसानं दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवायची म्हणजे नेमकं काय करायचं, यावर हा माणूस जेवणखाण विसरून बोलत बसे. कॉलेजच्या वक्तृत्वाच्या मुलांची तयारी तेच करून घ्यायचे. मी त्या मुलांतली. आवाज खणखणीत, हातवारे भरपूर आणि डोक्यात हवा, असा माझा तेव्हाचा थाट होता.

सरांचा नियम एकच. वादात उतरायचं तर आधी उसनं तोंड घ्यायचं. म्हणजे समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली बोलून दाखवायची, तो स्वतः "हो, हेच" म्हणेपर्यंत. मग त्याचं तोंड त्याला परत करायचं आणि आपलं काढायचं. "आधी उसनं, मग आपलं. ज्याला उसनं मागता येत नाही त्यानं वाद घालू नये, नुसतं भांडावं," असं ते म्हणत. आणि जिंकलो कधी समजायचं? टाळ्या पडल्या म्हणजे नाही. समोरचा गप्प बसला म्हणजेही नाही. "बरं बाप्पा, तू म्हणशील तसं," असं तो म्हणाला तर तुम्ही साफ हरलात. त्यानं आपण होऊन म्हटलं पाहिजे, पटलं. या एका शब्दासाठी सर कुणाच्याही मागे चार गल्ल्या चालत जायला तयार असत.

घोटाळा एवढाच होता की उसनं घेतलेलं तोंड खुद्द सरांना परत करता येत नसे. दुसऱ्याची बाजू मांडता मांडता ते तिथेच मुक्काम करायचे. म्हणून बाजाराच्या दिवशी काकू, म्हणजे सरांची बायको, त्यांच्या हातात पिशवी द्यायला घाबरायच्या. एकदा माझ्या डोळ्यांदेखत ते वांगेवालीपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "भाव जरा कमी करा की बाई." बाईनं नुसतं वर पाहिलं. झालं! सरच सुरू झाले. "नाही, तुमचंही खरं आहे. अंधारात उठून तोडली असतील. टोपलं मांडीवर घेऊन जीपमध्ये आलात. आता ऊन तापलं की ही मलूल होणार, मग यांना विचारतं कोण?"

"बाप्पा मास्तर, तुमाले कसं मालूम?" ती म्हणाली.

सरांनी अख्खं टोपलं घेतलं. मग आठवडाभर त्यांच्या घरी जो कोणी जाईल त्याला वांग्याची भाजी. "खा गं पोरींनो, तुमच्या सरांनी वाद जिंकलाय," असं म्हणत काकू वाढायच्या आणि सर ताटात मान घालून मुकाट्यानं जेवायचे.

एकदा स्पर्धेसाठी आम्ही यवतमाळला जीपनं निघालो होतो. जीप आधीच ठासून भरलेली, तरी ड्रायव्हर आणखी एक माणूस कोंबायला लागला. आम्ही पोरींनी कालवा केला आणि सर आमचे वकील म्हणून पुढे सरसावले. पाच मिनिटांत ते आम्हालाच समजावत होते की या बिचाऱ्याचं डिझेल, जीपमालकाचा हिस्सा, परतीची रिकामी फेरी, याचं त्यानं करावं काय? शेवटी ते स्वतः उठले, आपली जागा त्या नव्या माणसाला दिली आणि मागे लटकून यवतमाळपर्यंत आले. वाऱ्यानं उभे झालेले केस तसेच घेऊन त्यांनी परीक्षकांना नमस्कार केला. आम्ही लाजेनं अर्ध्या झालो होतो.

ती वर्षं कापसाच्या फार वाईट दिवसांची. ज्यांनी पाहिली त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांनी नाही पाहिली त्यांना सांगून किती कळणार. आमच्या जिल्ह्याचं नाव ज्यांनी कधी नकाशात शोधलं नसतं ते लोक कॅमेरे घेऊन गावोगाव फिरायला लागले होते. वक्तृत्वाचे विषयही बदलले. आधी विज्ञान शाप की वरदान, स्त्री काल आणि आज, असलं काहीतरी असायचं. आता जिथे जावं तिथे कापूस आणि आत्महत्या. पोरं मंचावर हमसून हमसून रडायची आणि ढाली घेऊन घरी जायची. रडल्यावर गुण जास्त पडतात हे सगळ्यांना समजलं होतं.

सरांनी मग आम्हाला एक अट घातली. ज्या घरात हे झालंय त्या घरचं माणूस पहिल्या रांगेत बसलंय असं समजायचं, आणि त्याच्या डोळ्यांत बघून जे वाक्य बोलवणार नाही ते काढून टाकायचं. मी माझं भाषण घेऊन बसले. काढता काढता अध्यक्षांना नमस्कार आणि शेवटचे आभार एवढंच उरलं. मग मी चिडून सगळं पुन्हा घातलं. मी काही कमी हट्टी नव्हते.

त्यानंतरची स्पर्धा दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात, देवळापुढच्या मांडवात होती. कधी नव्हे ते समोर खरेच शेतकरी बसलेले. मी रंगात आले. आवाज चढवत चढवत शेवटाला पोचले आणि दोन्ही हात वर करून गरजले, "हे बळीराजा, ऊठ! आता तरी ऊठ!"

पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेला एक म्हातारा दचकला. इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "उठतो वं माय. पन सकायपासून बसलो, पाय धरले. जरा हात दे."

सगळा मांडव हसायला लागला. म्हातारा मात्र हात पुढे करून तसाच. आता करता काय? मी मंचावरून उतरले, त्याला हाताला धरून उभं केलं. त्यानं धोतर झटकलं, गुडघे चोळले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बोल आता." मला पुढचा एक शब्द आठवेल तर शपथ! परत येताना जीपमध्ये मी रडत होते आणि सर डोळे पुसपुसून हसत होते. म्हणाले, "अगं, इतक्या स्पर्धा झाल्या, तू आज पहिल्यांदा कोणाला तरी खरंच उठवलंस." मी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि बळीराजा हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडून कधी निघाला नाही.

आमचा सराव व्हायचा रेल्वे स्टेशनवर. तेव्हा दारव्ह्याहून अरुंद रुळांची छोटी गाडी जायची. तिची चाल अशी की कोणी हाक मारली तर धावत जाऊन पकडता यावी. ती यायची वेळ साधून सर आम्हाला फलाटावर उभं करून बोलायला लावायचे. गाडी आली की आवाज चढवायचा नाही. ती जाईपर्यंत थांबायचं, ऐकणाऱ्याकडे बघत राहायचं, आणि गाडी गेली की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच उचलायचं. जीव नकोसा व्हायचा. स्टेशनावरचे लोक आम्हाला येडे समजत.

या सरावाला सर एक ऐकणारा बसवायचे. त्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलणारा खोटं बोलतोय असं वाटलं की फक्त हात वर करायचा. हे काम दिनेशकडे होतं. दिनेश आमच्याच वर्गातला, बोरी अरबचा, कास्तकाराचा, म्हणजे शेतकऱ्याचा मुलगा. बोरीची जीप भरेपर्यंत त्याला संध्याकाळी वेळ असायचा, आणि बोलण्याच्या बाबतीत निव्वळ धोंडा, म्हणून सरांनी त्याला ऐकायला बसवलं. माझ्या भाषणात त्याचा हात खाली राहायचाच नाही. असा राग यायचा मला! एकदा मी बोलणं सोडून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"काहून रे, माह्या बोलण्यात तुले सगळंच खोटं दिसते काय?"

तो विचार करून म्हणाला, "नाही. मधात थांबतेस ना तू, थे खरं असते."

आता अशा माणसाचं काय करायचं? मी त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. माझे बाबा कचेरीत बाबू. शिस्तीचे, कमी बोलणारे, संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन पेपरामागे बसणारे. जात एकच होती, दिनेशला पानाचंसुद्धा व्यसन नव्हतं, माणसं चांगली. पण त्या वर्षांत आमच्या भागात प्रत्येक मुलीच्या घरी एकच वाक्य ऐकू यायचं आणि ते आमच्याही घरी आलं. "चपराशी चालेल, कास्तकार नाही," बाबा म्हणाले आणि पेपर उघडला. मी रडले, अबोला धरला, एक वेळ जेवले नाही. पेपर काही खाली झाला नाही. मावशीनं तर बुलढाण्याकडचा एक नोकरीवाला शोधूनही ठेवला होता. बाबांनी त्या लोकांना होकार कळवला असता तर संपलंच होतं. मग मी सरांकडे गेले.

सरांना कोण आनंद! जन्मभर शिकवलेलं आता कामी येणार. दोन-तीन दिवस त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, दुसरा कोणी पाह्य. हे तिकडं जाऊन तिकडचेच होऊन बसतात." पण मला सरांखेरीज होतं कोण?

सुट्टीच्या दिवशी दुपारी सर आमच्याकडे आले. सदऱ्याला चक्क इस्त्री. बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसले. मी दाराला टेकून उभी, आई आत चहा ठेवत होती.

"तुमची बाजू आधी मी मांडतो," सर म्हणाले. "चुकलं तर सांगा."

"मांडा," बाबा म्हणाले. त्यांना हा प्रकार नवा होता.

सर सुरू झाले. मुलगा चांगला आहे हे तुम्हाला मान्य आहे. बाबांनी मान हलवली. घर चांगलं आहे, हेही मान्य. मान हलली. शेतीत तोटा असतो हे तुम्हाला कोणी सांगायला नको, तुमच्या वडिलांनीही शेतीच केली. बाबांनी पुन्हा मान हलवली. मला वाटलं, छान चाललंय. मग सरांचा आवाज खाली आला.

"तुमचं टेबल खिडकीपाशी आहे. एका दाखल्यासाठी मी कचेरीत आलो होतो, तेव्हा पाहिलं. नवरा गेलेली बाई येते ती तुमच्याच पुढे येऊन बसते, कारण सरकारी मदतीचे ते कागद तुमच्याकडे असतात. तुम्ही तिला विचारता, सातबारा आणला का, दाखला आणला का. आवाज कोरडा ठेवता, कारण दुसरा कुठला ठेवणार? ती उठून जाते, दुसरी येते. मग तुम्ही घरी येता, जेवायला बसता. ही तुमची लेक तुम्हाला वाढते. हिच्या बांगड्या वाजतात. आणि तुम्हाला घास जात नाही."

आई चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. बाबांच्या टेबलावर ते कागद येतात हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. ते जेवताना अर्ध्यातून उठतात याचा दोष आई इतके दिवस स्वतःच्या स्वयंपाकाला देत होती. बाबा मान खाली घालून बसले होते.

"हो," ते म्हणाले. "हेच."

सरांनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. आता आपलं तोंड निघणार. मुद्दे मला सगळे पाठ होते, त्यातले निम्मे मीच सांगितले होते. सरांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. माझी मुलगी असती तर मीसुद्धा दिली नसती."

माय वं! ज्याला वकील करून आणलं तोच तिकडे जाऊन बसला! मला सरांचा इतका राग आला, इतका राग आला की मी पुढे होऊन बोलायलाच लागले. तयारी काही नव्हती. हातवारे कुठे गेले, आवाज कुठे गेला, कोण जाणे.

"बाबा, सर म्हणतात थे खरं हाय," मी म्हणाले. "तुमचंही खरं हाय. काही होणार नाही असं मी नाही सांगू शकत. कोणीच नाही सांगू शकत." मग मला पुढचं सुचेना. मी तशीच उभी राहिले. बाबा माझ्याकडे बघत होते. "भेव मलेही वाटते," मी म्हणाले. "पण मले थोच पाहिजे."

बाबा उठले, खिडकीपाशी गेले, बाहेर बघत राहिले.

"मले पटलं नाही," बाबा वळून म्हणाले. "बिलकुल पटलं नाही. पण मंजूर."

बाबांना आमच्या तोंडाकडे बघून जरा हसू आलं असावं. म्हणाले, "जिंदगीभर सायबायचं नाही पटलं तरी सही करत आलो. एक डाव लेकीचं नाही पटलं तरी करतो."

मी रडायला लागणार तेवढ्यात सर ताडकन उठून उभे. "असं कसं? पटल्याशिवाय मंजूर करू नका!"

"सर!" मी ओरडले.

"नाही, नाही, हे चूक आहे. मनाविरुद्ध होकार म्हणजे होकारच नव्हे. तुम्ही अजून विचार करा, हवा तर नकार द्या, पण..."

मी मागून त्यांचा इस्त्रीचा सदरा ओढत होते. शेवटी आईनं पुढे होऊन त्यांच्या हातात कप दिला. "सर, चहा थंडा होऊन राह्यला." सर खाली बसले, चहा प्याले, पण चेहरा पडलेला. त्यांच्या लेखी ते हरले होते. जाताना दारात थांबून बाबांना म्हणाले, "तुमचं पटायचं राहिलंय. बाजाराच्या दिवशी येतो."

"या," बाबा म्हणाले. आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत.

लग्न झालं, मी बोरीला आले. आमचं वावर घराच्या मागूनच सुरू होतं. बाबांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. तू कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. "दिनेश कुठं हाय?"

"वावरात."

"जाय, पाहून ये."

"बाबा, आताच तर गेले."

"जाय, पाहून ये. मी फोन धरून बसतो."

मी पदर खोचून मागच्या धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत जायची. कापसाच्या पऱ्हाटीतून दिनेशनं मला पाहिलं की तो हात वर करायचा. मी परत येऊन सांगायची, आहेत. मग बाबा विचारायचे, तू कशी आहेस. कोणाला सांगितलं तर हसतील, पण मी एकदाही जाऊन न बघता उत्तर दिलं नाही. बाबांचं ते भय माझ्याही पोटात होतंच. त्या दिवसांत आमच्या पंचक्रोशीतल्या कुठल्या बाईच्या पोटात नव्हतं?

आणि सर खरोखरच येत राहिले. दर बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन ते बाबांकडे जायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "आज नवा मुद्दा आहे." कधी तुरीचा, कधी सोयाबीनचा, कधी नोकरीतही माणसाची बदली होते, अपमान होतो, त्याचं काय, असा. बाबा डोळे मिटून सगळं ऐकायचे. संपलं की डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "नाही पटलं, सर." सर पिशवी उचलायचे. "हरकत नाही. पुढच्या बाजारी येतो."

मी माहेरपणाला गेले की हे सगळं बघायची. एकदा तर बाबांनी सरांचं तोंड उसनं घेतलं आणि सरांनी बाबांचं. सर तावातावानं म्हणतायत की पोरगी कास्तकाराला द्यायचीच नाही, आणि बाबा मांडीवर थाप मारून सांगतायत की दिली तर काय बिघडलं! आई आतून बाहेर आली, ऐकलं, आणि कपाळावर हात मारून परत गेली. "माह्याशी इतक्या वर्षांत नाही बोलले इतकं त्या मास्तराशी बोलतात," ती मला म्हणाली. म्हणताना तिचा चेहरा मात्र खुलला होता. बाबा पुन्हा पोटभर जेवायला लागले होते.

पुढे बाबा रिटायर झाले. ते खिडकीजवळचं टेबल सुटलं. सरही रिटायर झाले, काकू गेल्या, छोटी गाडी बंद पडली. सरांची चाल मंदावली, पण बाजाराचा दिवस चुकला नाही. पाऊस असला तर बाबा छत्री घेऊन कोपऱ्यापर्यंत त्यांना आणायला जात, आणि परत येऊन, अंग पुसून, नाही पटलं म्हणत. मला कधी कधी बाबांचा राग यायचा. माझा मुलगा शाळेत जायला लागला होता, आमचं बरंवाईट चाललं होतं, दिनेशचे केस पिकले होते. अजून या माणसाला पटू नये म्हणजे काय!

सर गेले ते थंडीत, वेचणीच्या दिवसांत. झोपेतच गेले. आम्ही दोघं दारव्ह्याला आलो. कॉलेजात शोकसभा झाली. सरांच्या तालमीत तयार झालेली माणसं सरांवर बोलायला उभी राहिली, मग काय, एकाहून एक सरस बोलली. कोणी रडलं नाही, कोणी उगाच आवाज चढवला नाही. बाबांनाही आग्रह झाला. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

घरी आल्यावर मला राहवेना.

"एक डाव तरी म्हणायचं होतं बाबा त्यायले, पटलं म्हणून," मी म्हणाले. "मास्तर माणूस, एका शब्दासाठी इतकी वर्षं आले. खोटं तर खोटं, म्हणून टाकायचं होतं."

बाबा पलंगावर बसून मोजे काढत होते. "खोटं कायले?" ते म्हणाले. "मले पटलंच होतं."

"कधी?"

"तुह्या पोट्ट्याच्या बारशाले आलतो ना बोरीले, तवा. जावई वावरातून आले, हातपाय धुतले, अन् लेकराले पोटावर घेऊन झोपी गेले. एवढा गलबला घरात, अन् हे घोरून राह्यले." बाबांनी दुसरा मोजा काढला. "माह्या टेबलापुढं त्या बाया बसायच्या ना, त्या सगळ्या एकच सांगत. झोप नव्हती सायेब त्यायले, रातभर बसून राहत. मी म्हटलं, या माणसाले झोप येते. मंग आता भेव नाही."

मी मनातल्या मनात हिशेब लावला. बारशानंतर बाबांच्या फोनवरचं ते "पाहून ये" बंद झालं होतं. पऱ्हाटी कशी हाय, एवढंच विचारायचे. माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नव्हतं.

"मग सरांना सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. "इतकी वर्षं तुम्ही त्यायले हरवत राहिले?"

बाबांनी मोज्यांची घडी घातली, उशाशी ठेवली.

"सांगतलं असतं तर थे आले असते काय?" ते म्हणाले. "आता बाजाराच्या दिवशी मी 'नाही पटलं' कोणाले म्हणू?"